क्रूझला निघण्याआधी पैशांचं गणित: कोल्हापुरातल्या काउंटरपासून जहाजाच्या शेवटच्या बिलापर्यंत

क्रूझचं बुकिंग झालं की घरात आधी कपड्यांची चर्चा सुरू होते, मग व्हिसाची, मग कुणाची बॅग किती किलोची याची. पैशांचा विषय निघतो तो निघायच्या दोन दिवस आधी, आणि तोही "चार-पाचशे डॉलर घेऊन ठेवूया की" एवढ्यावरच मिटतो. सगळं पॅकेजमध्येच आहे, जहाजावर पैसे लागतच नाहीत, असं कुणीतरी सांगितलेलं असतं. जहाजावर रोख पैसे लागत नाहीत हे खरं आहे. खर्च मात्र होतो, आणि खिशातून नोट जात नसल्यामुळे तो होताना कळत नाही.

म्हणून माझं सांगणं एकच आहे: क्रूझच्या पैशांचे निर्णय जहाजावर घ्यायचे नाहीत, घरी बसून घ्यायचे. कुठला खर्च कुठल्या कार्डावर, नोटा कुठल्या चलनाच्या आणि किती, मुलाला किती मुभा, आजींच्या खात्याचं काय, हे सगळं घरून ठरवून गेलं की समुद्रावर डोक्याला ताप राहत नाही.

समजायला सोपं जावं म्हणून एक कुटुंब डोळ्यांसमोर ठेवूया. राजारामपुरीतले नवरा-बायको, दहा वर्षांचा मुलगा आणि आजी. सिंगापूरहून निघून पेनांग आणि फुकेत करून परत सिंगापूर, चार रात्रींची क्रूझ. डॉलरचा भाव हिशेबाच्या सोयीसाठी ९० रुपये धरू. तुम्ही त्या दिवशीचा भाव घालून आकडे बदलून घ्या.

आधी विचारा: जहाजावरचा हिशेब कुठल्या चलनात?

जहाज कुठल्या बंदरातून सुटतं यावरून त्याचं चलन ठरेलच असं नाही. रॉयल कॅरिबियन ही अमेरिकन कंपनी. तिचं जहाज सिंगापूरहून सुटलं तरी आतलं बिल अमेरिकन डॉलरमध्ये होतं. सिंगापूरहूनच सुटणाऱ्या दुसऱ्या एखाद्या जहाजावर ते सिंगापूर डॉलरमध्ये असू शकतं. भूमध्य समुद्रात एमएससी किंवा कोस्टाच्या जहाजावर युरो चालतो. मुंबईहून गोवा किंवा लक्षद्वीपला जाणाऱ्या कॉर्डेलियावर रुपयात बिल होतं, त्यामुळे पहिली क्रूझ करणाऱ्यांना ती सोयीची पडते.

आपल्या कुटुंबाचं जहाज अमेरिकन डॉलरवालं आहे असं धरलं, तर त्यांचा चार चलनांशी संबंध येतो: जहाजावर अमेरिकन डॉलर, सिंगापुरात सिंगापूर डॉलर, पेनांगला मलेशियन रिंगिट आणि फुकेतला थाई बाट. यातलं जे चलन जहाजावर चालतं, त्याच्या नोटा सगळ्यात कमी लागतात. बहुतेक जण करतात ते नेमकं उलट.

पॅकेजमध्ये काय नाही, ते लेखी घ्या

टूर कंपनीच्या ऑफिसात बसून चहा घेताना सगळं "इन्क्लुडेड" असतं. घरी येऊन कोटेशन वाचलं की खाली बारीक अक्षरांत यादी सापडते. पोर्ट चार्जेस, ग्रॅच्युइटी, प्रवास विमा, व्हिसा फी, जीएसटी, टीसीएस (पॅकेज विकताना टूर कंपनी तुमच्याकडून गोळा करते तो आगाऊ आयकर) आणि बंदरावरच्या सहली. यातल्या प्रत्येक गोष्टीपुढे "आहे" किंवा "नाही" असं व्हॉट्सअॅपवर का होईना, लिहून मागा. चांगली कंपनी तेवढं आनंदानं लिहून देते.

सगळ्यात जास्त गोंधळ ग्रॅच्युइटीचा. ही कर्मचाऱ्यांची टीप, पण ती तुमच्या मनावर सोडलेली नसते. माणशी रोज ठरलेली रक्कम आपोआप खात्याला लागते. अमेरिकन कंपन्यांच्या जहाजांवर साध्या केबिनसाठी ती १६ ते २० डॉलरच्या दरम्यान असते आणि बहुतेक ठिकाणी लहान मुलांनाही तेवढीच. १८ डॉलर धरले तर चौघांचे चार रात्रींचे २८८ डॉलर, म्हणजे २५,९२० रुपये. ही रक्कम माहीत नसताना शेवटच्या दिवशी समोर आली की माणूस हबकतोच.

काही जहाजांवर गेस्ट सर्व्हिसेसच्या काउंटरवर जाऊन ही टीप कमी करून घेता येते. तसा सल्ला देणारेही भेटतील. माझं मत स्पष्ट आहे: सेवेत खरंच काही गंभीर कमी असेल तर तक्रार जरूर करा, पण निव्वळ पैसे वाचवायला ही रक्कम काढू नका. केबिन आवरणारा, ताट उचलणारा माणूस महिनोन्महिने घरापासून लांब राहून काम करतो. त्यात आपल्या गोव्याची, कोकणाची मुलंही असतात. ही रक्कम बुकिंगच्या वेळीच आगाऊ भरता येते का विचारा. भरली की तो आकडा जहाजावर पुन्हा समोर येत नाही.

जेवणाचं म्हणाल तर मुख्य रेस्टॉरंट आणि बुफे भाड्यात धरलेले असतात. साधं पाणी, बुफेतला चहा-कॉफीही. वेगळे पैसे पडतात ते कोल्ड्रिंक आणि मद्याचे, स्पेशल्टी रेस्टॉरंटचे, वाय-फायचे, स्पाचे, जहाजाच्या फोटोग्राफरनं काढलेल्या फोटोंचे, धुलाईचे, मुलांच्या व्हिडिओ गेमचे आणि डॉक्टरचे. मेनूवरचा आकडा शेवटचा नसतो हेही लक्षात ठेवा. पेयांवर १८ ते २० टक्के सर्व्हिस चार्ज लागतो. १२ डॉलरचं मॉकटेल १८ टक्के धरून १४ डॉलर १६ सेंटला पडतं, म्हणजे साधारण १,२७४ रुपये. त्यात कार्डाचा मार्कअप, म्हणजे परदेशी व्यवहारावर बँक लावते ते जादा शुल्क, मिळवला की तेरा सव्वातेराशे. एवढ्यात कोल्हापुरात चौघं मिसळ खाऊन, वर सोळंकीचं कॉकटेल आइस्क्रीम खाऊन येतात! तरीही प्यावंसं वाटलं तर जरूर प्या, सुट्टीवर आहात. फक्त किंमत माहीत असू द्या.

त्या पावतीवर सर्व्हिस चार्जच्या खाली अजून एक टीपची मोकळी ओळ असते. ती भरायचं बंधन नाही.

ड्रिंक्स पॅकेज घ्यायचा विचार असेल तर एक नियम आधी वाचा. मद्याचं पॅकेज एकानं घेतलं तर त्या केबिनमधल्या सगळ्या मोठ्या माणसांनी ते घ्यायचं, अशी बऱ्याच कंपन्यांची अट असते. आजी त्याच केबिनमध्ये असतील तर त्यांच्याही नावावर ते लागू शकतं. बुकिंग करतानाच हा प्रश्न विचारा. वाय-फाय घ्यायचंच असेल तर कंपनीच्या वेबसाइटवर आधी घेतलेलं बहुधा स्वस्त पडतं. ते एका उपकरणासाठी असतं आणि एका फोनवरून काढून दुसऱ्यावर सुरू करता येतं, त्यामुळे चौघांना चार प्लॅन लागत नाहीत.

पैशांचे तीन कप्पे

आता वही घ्या आणि तीन भाग करा.

पहिला भाग जहाजाच्या खात्याचा. ग्रॅच्युइटी, वाय-फाय, आणि त्यांशिवाय वरखर्चासाठी ठरवलेली मर्यादा, उदाहरणार्थ सगळ्यांना मिळून चार दिवसांचे १०० डॉलर. हा भाग कार्डावर.

दुसरा भाग जमिनीवरचा: सिंगापुरातला मुक्काम, पेनांग आणि फुकेतमधली टॅक्सी, खाणं, खरेदी. हा थोडा नोटांमध्ये, बाकी कार्डावर.

तिसरा भाग कुणी धरतच नाही, तो अडीअडचणीचा. आजींचं बीपी वाढलं, मुलाला ताप आला, विमान चुकलं. जहाजावरच्या दवाखान्यात तपासणीचे पैसे थेट तुमच्या खात्याला लागतात आणि विम्याची रक्कम बहुतेक वेळा नंतर, कागदपत्रं दिल्यावर मिळते. त्यासाठी वेगळ्या नोटा न्यायची गरज नाही. एका क्रेडिट कार्डाची मर्यादा पूर्ण मोकळी ठेवा आणि ते कार्ड बाकी कशालाही वापरू नका. आजींची रोजची औषधं मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीसह, चार दिवस जास्तीची, हातातल्या बॅगेत ठेवा. चेक-इनच्या बॅगा संध्याकाळपर्यंत केबिनमध्ये पोचत नाहीत.

कोल्हापुरात चलन घेताना

आपल्या विमानतळावरून थेट परदेशी विमान नाही. मुंबईला जावं लागतं, रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं किंवा उजळाईवाडीहून विमानानं. त्यामुळे "मुंबई विमानतळावर घेऊ" हा विचार मनात येतोच. विमानतळावरचे दर बहुधा सगळ्यात महाग असतात आणि तिथं घासाघीस करायला वेळ नसतो. चलन गावातच घ्या. प्रवासाच्या आधी ६० दिवसांपर्यंत ते घेता येतं, म्हणजे घाई करायचं कारण नाही.

बँकेच्या परकीय चलन शाखेत किंवा रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडेच जा. परवाना भिंतीवर लावलेला असतो, तो बघा. "आपल्या ओळखीचा एक जण बिनकागदाचं देतो, दोन रुपयांनी स्वस्त" असं कुणी सांगितलं तर नको म्हणा. तो व्यवहार फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखाली बेकायदा आहे, नोट खोटी निघाली तर दाद मागायला जागा नाही, आणि परत आल्यावर उरलेलं चलन विकायला पावती नाही.

जाताना पासपोर्ट, पॅन कार्ड, तिकीट आणि व्हिसाची प्रत न्या. परकीय चलन घेण्यासाठीचा ए-टू नावाचा फॉर्म तिथं भरून घेतात. ५० हजार रुपयांपर्यंतचं चलन रोख रुपये देऊन घेता येतं. त्यापुढे चेक किंवा बँक ट्रान्सफर. एका प्रवासात नोटांच्या रूपात ३,००० अमेरिकन डॉलरइतकंच चलन नेता येतं, बाकीचं कार्डावर. वर्षाची एकूण मर्यादा माणशी अडीच लाख डॉलर आहे, तिचा आपल्या चौघांना काही संबंध येत नाही.

काउंटरवर प्रश्न कसा विचारायचा, यावर बरंच अवलंबून आहे. "डॉलर काय भाव?" असं विचारलं की बोर्डावरचा आकडा मिळतो. त्याऐवजी असं विचारा: "दादा, मला पाचशे डॉलर घ्यायचेत. जीएसटी, सर्व्हिस चार्ज सगळं धरून हातातून किती रुपये जातील?" आता कागदावर एक पूर्ण आकडा येतो आणि दोन दुकानांची तुलना करता येते. त्याच दिवशीचा बाजारभाव फोनवर बघून ठेवा. बाजारात ९० आणि काउंटरवर ९२ रुपये २० पैसे असतील तर डॉलरमागे २ रुपये २० पैसे, ५०० डॉलरमागे १,१०० रुपये ते घेतायत. थोडा फरक राहणारच, तो त्यांचा धंदा आहे. पण शाहूपुरीत एक आणि स्टेशन रोडला एक असे दोन फोन केले तरी पन्नास-साठ पैसे सहज खाली येतात. गुजरीत सोनं घेताना आपण जसं घडणावळीचं वेगळं विचारतो, तसंच इथं वरचे चार्जेस वेगळे विचारायचे.

जीएसटीचं गणित लोकांना उगीच घाबरवतं. १८ टक्के आहे खरा, पण तो पूर्ण रकमेवर नसतो. एक लाखापर्यंतच्या व्यवहारात रकमेचा १ टक्का हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के. ८० हजारांच्या चलनावर मूल्य ८०० रुपये, जीएसटी १४४ रुपये. मूल्य कमीत कमी २५० धरतात, म्हणून लहानातल्या लहान व्यवहारालाही ४५ रुपये लागतात. थोडं थोडं तीनदा घेण्यापेक्षा एकदाच घ्या.

नोटा मोजून घेताना प्रत्येक नोट उलटसुलट बघा. फाटकी, पेननं लिहिलेली, शिक्का मारलेली डॉलरची नोट आग्नेय आशियातले मनी चेंजर नाकारतात किंवा कमी भाव देतात. जुन्या मालिकेतली लहान चेहऱ्याची शंभरची नोटही नको म्हणा. लहान नोटा मागून घ्या: सिंगापूर डॉलरच्या दहा आणि पन्नासच्या, अमेरिकन डॉलरच्या थोड्या एक आणि पाचच्या. पावती जपून ठेवा.

रिंगिट आणि बाट कोल्हापुरात हवे असतील तर तीन-चार दिवस आधी सांगून ठेवा. मी तर म्हणेन, ते इथं घेऊच नका. सिंगापुरात लिटल इंडियातल्या मुस्तफा सेंटरच्या आसपास परवानाधारक मनी चेंजरांची रांग आहे आणि शेजारच्या देशांची चलनं तिथं चांगल्या भावात मिळतात. इथून सिंगापूर डॉलर न्यायचे, तिथं त्यातले थोडे देऊन रिंगिट आणि बाट घ्यायचे.

आपल्या कुटुंबासाठी मी नोटा अशा ठरवीन: सिंगापूर डॉलर ४००, अमेरिकन डॉलर १०० फक्त अडीअडचणीला, आणि सिंगापुरात बदलून घेतलेले थोडे रिंगिट नि बाट. रुपये मुंबईतल्या टॅक्सीपुरते आणि परतीच्या तिकिटापुरते. भारतातून बाहेर जाताना माणशी २५ हजारांपर्यंत रुपये सोबत नेता येतात, पण परदेशात त्यांना भाव नाही. महालक्ष्मीत झोपताना नोटांचं पाकीट उशाच्या बॅगेत नको, कमरेच्या पाऊचमध्ये, आणि सगळं एकाकडे नको.

कुठलं कार्ड कशाला

या लेखातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, म्हणून जरा सावकाश वाचा.

जहाजावर चढताना तुमच्या खात्याला एक कार्ड जोडून घेतात. मग कंपनी त्या कार्डावर काही रक्कम अडवून ठेवते, त्याला होल्ड म्हणतात. पैसे कापलेले नसतात, पण वापरताही येत नाहीत. क्रेडिट कार्डावर हा होल्ड फक्त मर्यादेतून जातो, तुम्हाला जाणवतही नाही. फॉरेक्स कार्ड (परदेशी चलन आधी भरून ठेवलेलं कार्ड) किंवा डेबिट कार्ड जोडलं तर तुमचे खरे पैसे अडकतात.

उदाहरण घ्या. फॉरेक्स कार्डावर ६०० डॉलर भरून नेलेत आणि चढतानाच ३०० चा होल्ड पडला. आता वापरायला उरले ३००. फुकेतला दोन दुकानांत २५० खर्च झाले. शेवटच्या दिवशी जहाजाचं २८० चं बिल आलं. होल्ड सुटून बिल त्यातूनच जाईल असं तुम्हाला वाटतं, पण कित्येकदा बिलाचा व्यवहार वेगळा पाठवला जातो आणि होल्ड सुटायला आठवडा किंवा त्याहून जास्त दिवस लागतात. कार्डावर तुमचे ३५० आहेत, तरी मशिन नकार देतं. मागे रांग, पुढे इंग्रजीत बोलणारा कर्मचारी, आणि उतरायची वेळ झालेली.

म्हणून सरळ वाटणी करा: जहाजाच्या खात्याला क्रेडिट कार्ड, जमिनीवरच्या खर्चाला फॉरेक्स कार्ड, अडीअडचणीला दुसरं क्रेडिट कार्ड. दोन क्रेडिट कार्डं शक्यतो एक व्हिसा, एक मास्टरकार्ड. नुसत्या रुपे कार्डावर जहाजात विसंबू नका.

क्रेडिट कार्डाची किंमतही बघून घ्या. पुष्कळ कार्डांवर परदेशी व्यवहाराला ३.५ टक्के मार्कअप आणि त्यावर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे एकूण ४.१३ टक्के. ४०० डॉलरच्या, म्हणजे ३६ हजारांच्या बिलावर जवळजवळ दीड हजार रुपये. मार्कअप शून्य किंवा कमी असलेली कार्डं मिळतात. क्रूझ दोन-तीन महिन्यांवर असेल तर आत्ताच अर्ज करा. फॉरेक्स कार्डाला मार्कअप नसतो, पण जे चलन भरलंय त्याच चलनात वापरलं तरच. कार्डावर अमेरिकन डॉलर भरून बाटमध्ये पैसे दिले तर क्रॉस-करन्सी शुल्क लागतं. तुमच्या कार्डावर बाट किंवा रिंगिट भरता येतो का, बँकेत आधी विचारा.

घर सोडण्याआधी बँकेच्या अॅपमध्ये दोन गोष्टी करा. २०२० पासून नवी कार्डं परदेशी व्यवहारांसाठी बंदच येतात, ते सुरू करा. मर्यादा आपल्या वहीतल्या आकड्यापेक्षा थोडी वर ठेवा. आणि हे सगळं कोल्हापुरात असतानाच उरका, कारण समुद्रावर मोबाइलला रेंज नसते, ओटीपी येत नाही. जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क दिसलं तर त्याला फोन जोडू देऊ नका. साध्या रोमिंग पॅकमध्ये ते बहुधा नसतं आणि बिल भयंकर येतं. चढल्या चढल्या फोन विमान मोडवर टाका.

यूपीआयबद्दल सगळेच विचारतात. सिंगापुरात काही ठिकाणी ते चालतं, अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय यूपीआय आधी सुरू करून ठेवावं लागतं. चाललं तर उत्तम. पण त्याच्या भरवशावर जाऊ नका.

चढताना काउंटरवर सांगायच्या गोष्टी

केबिनचं कार्ड मिळतं, तेच दाराची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तेच पैशांचं पाकीट. चौघांना चार कार्डं मिळतात आणि सांगितलं नाही तर मुलाच्या कार्डावरूनही खरेदी होऊ शकते. व्हिडिओ गेमच्या मशिनला कार्ड लावलं की डॉलर जातात, दहा वर्षांच्या मुलाला ते खेळातलंच वाटतं. काउंटरवर सांगून त्याच्या कार्डाची खरेदी बंद करून घ्या किंवा रोजची मर्यादा ठरवा. त्याला आधी समजावून सांगा, बंद केल्यावर नव्हे.

आजींची केबिन वेगळी असेल तर त्यांचं खातं तुमच्या कार्डाला जोडून घ्या. आपल्याकडे मोठ्या माणसांना पैसे मागायला संकोच वाटतो. खातं जोडलेलं असलं की त्या निवांत चहा मागवतील. पाहुणे-रावळे मिळून दोन-तीन कुटुंबं गेली असतील तर उलट: प्रत्येक कुटुंबाचं कार्ड वेगळं ठेवा. "नंतर बघू" म्हणून एकाच्या कार्डावर सगळं घातलं की नंतर बघणं अवघड होतं.

क्रेडिट कार्ड नसेल तर बऱ्याच जहाजांवर रोख ठेव भरून खातं सुरू करता येतं. ज्येष्ठांच्या ग्रुपला हे बरं पडतं. ठेव संपली की कार्ड चालायचं थांबतं, पुन्हा भरायला जावं लागतं, आणि उरलेले पैसे शेवटच्या रात्री रांगेत उभं राहून घ्यायचे.

चार दिवस, रोज पाच मिनिटं

रात्री जेवण झाल्यावर केबिनच्या टीव्हीवर किंवा जहाजाच्या अॅपवर खातं उघडा. अॅप जहाजाच्या आतल्या वाय-फायवर पैसे न देता चालतं. दिवसभराच्या नोंदी वहीशी ताडून बघा. न घेतलेल्या मिनीबारचं पाणी, दोनदा लागलेलं एकच बिल, असं काही दिसलं तर त्याच रात्री नाहीतर दुसऱ्या सकाळी लवकर गेस्ट सर्व्हिसेसला जा. तेव्हा काउंटर मोकळा असतो, कर्मचाऱ्याला आठवण ताजी असते, दुरुस्ती पाच मिनिटांत होते. हेच काम शेवटच्या रात्री केलं तर तासभर रांग.

काही बुकिंगला कंपनी ऑनबोर्ड क्रेडिट, म्हणजे जहाजावर खर्चायला ठरावीक रक्कम देते. त्याचे दोन प्रकार: एकाचे उरलेले पैसे परत मिळतात, दुसऱ्याचे नाही. न मिळणारं असेल तर शेवटच्या दिवसापर्यंत संपवा. ग्रॅच्युइटी त्यातून जाते का तेही विचारा.

जहाजावरच्या एटीएममधून पैसे काढू नका, शुल्क जबर असतं. कॅसिनोत खात्यावरून पैसे उचलले तरी वर शुल्क लागतं, आणि तिथं न जाणंच बरं असं मी घरच्यांना नेहमी सांगतो.

बंदरावर

पेनांगला जहाज जॉर्ज टाउनमधल्या स्वेटनहॅम पिअरला लागतं. तिथून जुनं शहर आणि तिथलं लिटल इंडिया चालत जाण्याइतकं जवळ आहे, त्यामुळे जहाजाची महागडी सहल घ्यायची गरज नाही. टपऱ्यांवर खाण्यासाठी रोख रिंगिट लागतात, फार नाही. लांब जायचं असेल तर टॅक्सी बोलवायचं ग्रॅब अॅप मलेशिया, थायलंड, सिंगापूर तिन्हीकडे चालतं. इथूनच डाउनलोड करून कार्ड जोडून ठेवा.

फुकेतमध्ये मात्र किनाऱ्यावर उतरताच टॅक्सीवाले गाठतात. भाव आधी ठरवा, बाटमध्येच ठरवा, आणि जाऊन-येऊनचा की एका बाजूचा ते दोनदा विचारा. "फिफ्टी" म्हणजे पन्नास बाट समजून बसलात आणि त्याच्या मनात पन्नास डॉलर असले, तर वाद होणार. तिथल्या एटीएमवर परदेशी कार्डाला दर वेळी दोनशेहून जास्त बाट शुल्क लागतं, म्हणून बाट आधीच घेऊन जा.

दुकानात कार्ड दिल्यावर मशिनवर कधी कधी प्रश्न येतो: रुपयात घेऊ की स्थानिक चलनात? आपल्याला रुपये बघून बरं वाटतं आणि बोट तिकडे जातं. कायम स्थानिक चलनच निवडा. रुपयाचा दर तो दुकानदाराकडचा असतो, वाईट असतो, आणि वर अनेक भारतीय बँका अशा व्यवहारालाही वेगळं शुल्क लावतात. दुकानदारानं न विचारता रुपये निवडले असतील तर सही करण्याआधी व्यवहार रद्द करायला सांगा.

शेवटची रात्र आणि नंतर

शेवटच्या रात्री संपूर्ण बिल अॅपवर किंवा केबिनमध्ये येतं. क्रेडिट कार्ड जोडलेलं असेल तर काही करायचं नाही, सकाळी आपोआप कापलं जातं. बिलाची पीडीएफ उतरवून घ्या. दवाखान्यात गेला असाल तर डॉक्टरचा अहवाल आणि तपशीलवार बिल वेगळं मागा. विम्याचा दावा नुसत्या खात्याच्या नोंदीवर मंजूर होत नाही.

उरलेली नाणी सिंगापुरातच खर्च करा, कोल्हापुरात ती कुणी घेत नाही. नोटा मात्र परत विकता येतात. परत आल्यापासून १८० दिवसांत विकायच्या असतात; पुढच्या प्रवासासाठी २,००० अमेरिकन डॉलरपर्यंत घरी ठेवायला मुभा आहे. फॉरेक्स कार्डावर पैसे उरले असतील तर होल्ड सुटले का ते बघा आणि मगच शिल्लक परत मागा.

पंधरा-वीस दिवसांनी क्रेडिट कार्डाचं स्टेटमेंट येईल. जहाजाची पीडीएफ शेजारी ठेवून डॉलरमधला आकडा जुळवा. रुपयातला आकडा थोडा वेगळा दिसेल, कारण दर व्यवहार नोंदवला गेला त्या दिवसाचा लागतो. बिल दोनदा लागलेलं दिसलं तर लगेच बँकेकडे लेखी हरकत घ्या, तक्रारीला मुदत असते.

टूर कंपनीनं पॅकेजवर टीसीएस कापलेला असेल तर तो तुमचाच कर आहे, बुडालेला नाही. २०२५-२६ मध्ये परदेशी पॅकेजवर १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढे २० टक्के होता. २०२६ च्या अर्थसंकल्पात तो सरसकट २ टक्के करण्याचं जाहीर झालं. तुमच्या पावतीवर कुठला दर लागलाय ते बघा, ती रक्कम फॉर्म २६-एएसमध्ये (आयकर खात्याकडच्या तुमच्या जमा कराच्या नोंदीत) तुमच्या पॅनवर दिसते का तपासा, आणि दिसत नसेल तर रिटर्न भरण्याआधी टूर कंपनीला फोन करा. पॅकेज बाबांच्या नावावर आणि पॅन कमावत्या मुलाचं दिलेलं असेल तर रक्कम मुलाच्याच खात्यात दिसेल. परतावाही त्यालाच मागावा लागतो. म्हणून बुकिंगच्या फॉर्मवर पॅन लिहितानाच, जो पैसे भरणार आणि रिटर्न भरणार त्याचं लिहा.